न्यूरोसायन्समध्ये प्राध्यापक व्हायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेंदूविषयी पहिल्यापासून प्रचंड आकर्षण आहे. न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करून विद्यापीठात संशोधन आणि शिकवणं दोन्ही करायचं आहे. किती वर्षं लागतात? परदेशात जावंच लागतं का? आणि घरच्यांना काय सांगू?"

घरच्यांचं शेवटी बघू. आधी त्या 'प्रचंड आकर्षणा'बद्दल बोलते, कारण पीएचडीच्या मुलाखतीला समोर बसणारा जवळपास प्रत्येक जण हेच सांगतो. मेंदूचं आकर्षण कोणाला नसतं? माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, असतात म्हटलं की एसटीत शेजारी बसलेला माणूसही मान वळवून ऐकतो. पण त्या 8,600 कोटींशी तुमची गाठ कधीच पडत नाही. तुमची गाठ पडते एकाशी. तो बहुतेक वेळा उंदराचा असतो आणि संध्याकाळपर्यंत मेलेला असतो.

म्हणून मी उलटा प्रश्न विचारते: तुम्हाला दिवसभर हातांनी काय करायला आवडतं? मेंदू हे विषयाचं नाव झालं. काम वेगळंच असतं, आणि पुढची तीस वर्षं तुम्ही ते काम करणार असता. ते काम ज्याला आवडत नाही, त्याचं मेंदूवरचं प्रेम पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आटतं. हे मी माझ्याच लॅबमध्ये दोनदा पाहिलं आहे, आणि दोघंही माझ्यापेक्षा हुशार होते.

माझं काम काय ते सांगते. मी न्यूरॉनमधली वीज मोजते. पद्धतीचं नाव पॅच-क्लॅम्प. नेहर आणि झाकमान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ती 1976 मध्ये मांडली आणि 1991 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी साडेसहाला लॅब उघडायची. आधी द्रावणं करायची: मीठ, बायकार्बोनेट, ग्लुकोज, थोडं मॅग्नेशियम, थोडं कॅल्शियम. त्यात 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे बुडबुडे सोडायचे. मग उंदराला भूल द्यायची, आणि त्यानंतर जे करायचं ते पटकन आणि हात न थरथरता करायचं, कारण मेंदू मिनिटभरात बर्फगार द्रावणात पडला नाही तर दिवस वाया. (हे तुम्हाला जमेल का, हा प्रश्न आजच स्वतःला विचारा. पहिल्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही. सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही, फक्त हात शिकले. आणि मला वाटतं ते बरंच आहे.)

मेंदूच्या चकत्या व्हायब्रेटोम या थरथरत्या पात्याच्या यंत्रावर कापतात. एक चकती 300 मायक्रॉन जाड, म्हणजे वहीच्या साधारण तीन पानांएवढी. तासभर तिला निवांत ठेवायचं. अकराच्या सुमारास ती सूक्ष्मदर्शकाखाली जाते आणि खरं काम सुरू होतं. काचेची बारीक नळी तापवून ओढली की तिला एक-दोन मायक्रॉनचं टोक येतं. ते टोक न्यूरॉनच्या अंगाला टेकवायचं. नळीला जोडलेली रबरी ट्यूब आपल्या तोंडात असते. जवळ जाताना हलकी फुंकर, म्हणजे टोकाला कचरा चिकटत नाही. पेशीच्या पडद्यावर छोटीशी खळी दिसली की फुंकर सोडायची आणि अगदी हलकं ओढायचं, उसाचा रस नळीने पितो त्याच्या शंभरावा भागही नाही. पडदा काचेला चिकटला तर संगणकाच्या स्क्रीनवरची करंटची रेघ सपाट होते. याला गिगासील म्हणतात. मग आणखी एक छोटा झटका, की पडदा तेवढ्या जागी फाटतो आणि आकडा येतो: उणे 70 मिलिव्होल्ट. एक जिवंत न्यूरॉन तुमच्या ओठांनी जोडलेला असतो.

हे वाचायला छान वाटतं. मला पहिला गिगासील मिळायला चार महिने लागले. चार महिने रोज साडेसहाला यायचं, उंदीर, चकत्या, सूक्ष्मदर्शक, आणि संध्याकाळी वहीत एकच ओळ: 'सील नाही.' गाइडला वाटलं हात चांगला नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. शेवटी एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याने) माझी रसायनं तपासली आणि कॅल्शियम क्लोराइडची बाटली उचलून हलवली. आतली पावडर दगड झाली होती. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. मी वजन करत होते त्यात निम्मं पाणीच असावं. कॅल्शियम कमी पडलं की पडदा काचेला नीट धरत नाही. नवी बाटली फोडली, दुसऱ्या दिवशी तीन सील मिळाले. तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये कॅल्शियम क्लोराइड पावडर म्हणून वजन करत नाहीत, एक मोलरचं तयार द्रावण आणतात. नवा विद्यार्थी आला की त्याला हे का, ते मी सांगत नाही. विचारतो का ते बघते.

आता तुमच्याकडे वळते. ही चार महिन्यांची गोष्ट वाचताना तुमचं लक्ष बाटलीकडे गेलं की 'चार महिने' या शब्दांकडे? बाटलीकडे गेलं असेल तर प्रयोगाचं काम तुम्हाला सोसेल. 'चार महिन्यां'वर अडकला असाल तरी न्यूरोसायन्स सोडायचं कारण नाही, फक्त कामाची जात वेगळी निवडा.

जाती बऱ्याच आहेत. फळमाशीवर काम करणाऱ्यांचा दिवस मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवण्यात जातो. लॅबला आंबलेल्या घावनाच्या पिठासारखा वास येतो, आणि 25 अंशांना साधारण दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. वर्तनावर काम करणारे उंदराला रोज ठरल्या वेळी, ठरल्या माणसाच्या हातून, सुट्टीच्या दिवशीसुद्धा तोच खेळ खेळायला लावतात. एमआरआयवाले माणसांना स्कॅनरमध्ये झोपवतात आणि मग सहा महिने कोड लिहितात. आणि निव्वळ गणित-संगणकावर काम करणारेही आहेत. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र यांतून या विषयात येणारी मुलं बहुतेक तिथेच रमतात. त्यातलं काही करून बघायला लॅबही लागत नाही. ॲलन इन्स्टिट्यूटने उंदराच्या मेंदूच्या नोंदी जगासाठी मोफत खुल्या ठेवल्या आहेत. न्यूरोमॅच नावाचा ऑनलाइन उन्हाळी अभ्यासक्रम 2020 पासून चालतो, त्याचं साहित्यही मोफत आहे. पायथन येत नसेल तर पुढच्या सहा महिन्यांत शिकाच. प्रयोग करणाऱ्यालाही आता त्यातून सुटका नाही.

माशीचा विषय निघालाच आहे तर शास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींबद्दल थोडं. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते 1962 मध्ये मुंबईत टीआयएफआरला, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आले आणि तिथे रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला. पुढे अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी अशा माश्यांवर काम केलं, ज्या तापमान वाढलं की लुळ्या पडतात आणि थंड केलं की परत चालायला लागतात. त्यांच्या नसांमधून जाणारे संदेश गरमीत बंद पडत होते. परत आल्यावर मुंबईत त्यांनी माशीच्या वासाच्या आणि चवीच्या ज्ञानावर अनेक वर्षं काम केलं, आणि बंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्र संशोधनाची संस्था त्यांनीच उभी केली. मी हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते, कारण त्या काळी भारतात महागडी उपकरणं आणायची म्हणजे परकीय चलनापासून सगळ्याचीच बोंब. माशी मात्र केळ्यावर येते. प्रश्न मोठा ठेवायचा आणि प्राणी परवडेल असा निवडायचा, हे त्यांना जमलं. आजही राज्य विद्यापीठात काम करणाराला हे जमलं नाही तर तो फक्त निधीची वाट बघत बसतो.

आता वर्षांचा हिशोब. हा भाग रुक्ष आहे, भराभर सांगते. पीएचडीला प्रवेशाचे दरवाजे म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट, टीआयएफआर आणि त्याच्याशी जोडलेल्या संस्थांची जेजीईईबीआयएलएस ही परीक्षा, आणि आपल्या राज्य विद्यापीठांची पेट ही प्रवेश परीक्षा. नेटच्या लाइफ सायन्सेसमध्ये सी भाग ठरवतो. पाठांतर तिथे कामाला येत नाही, आलेख वाचता आला पाहिजे. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनी तिची वरची पायरी, एसआरएफ, झाल्यावर 42,000, शिवाय घरभाडं. पीएचडीला यूजीसीच्या नियमाने कमीत कमी तीन वर्षं, पण प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्याची पाच ते सहा धरा. नंतर पोस्टडॉकची तीन ते पाच. म्हणजे आज तुम्ही 23 चे असाल तर स्वतःची लॅब बत्तीस ते पस्तीसच्या दरम्यान. यात कोणाचा दोष नाही आणि यात शॉर्टकटही नाही.

शिक्षक व्हायला मात्र पीएचडीच हवी असं नाही. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात कायमच्या जागा तुंबून राहतात आणि नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली मुलं तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. तासाचे पैसे, सुट्टीचे शून्य. माझा एक विद्यार्थी सहा वर्षं दोन कॉलेजांत मिळून असा शिकवत होता, मोटारसायकलवर रोज 70 किलोमीटर. तुमच्या कॉलेजातही असे सर असतील. एकदा त्यांच्याबरोबर चहा प्या आणि सगळं विचारा. ते माझ्यापेक्षा खरं सांगतील.

संशोधन आणि शिकवणं 'दोन्ही' करायचं म्हणता, तर संस्था कुठली यावर दोन्हींचं प्रमाण ठरतं. हरियाणातलं मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूचं एनसीबीएस, मुंबईचं टीआयएफआर इथे मुख्य काम संशोधन, शिकवणं थोडं आणि तेही पीएचडीच्या मुलांना. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेत रुग्णालय शेजारीच असल्यामुळे प्रश्नच वेगळे पडतात. आयसर पुणे, आयआयएससी अशा ठिकाणी दोन्ही असतं आणि तोल त्यातल्या त्यात बरा. राज्य विद्यापीठात यूजीसीच्या नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. त्यावर प्रॅक्टिकल, कॅपला जाऊन पेपर तपासणं, नॅकची फाइल, प्रवेश समिती. संशोधन त्यातून उरलेल्या वेळात. जमतं, पण लॅब लहान ठेवावी लागते.

परदेशात जावंच लागतं का? पीएचडीसाठी नाही. पोस्टडॉकसाठी, माझ्या मते, जमल्यास जावं. तिकडची लॅब मोठी असते म्हणून नव्हे, तर आपल्या गाइडच्या सवयी या जगाच्या सवयी नाहीत हे कळावं म्हणून. टीआयएफआरच्या शुभा टोळे यांनी कॅलटेकला पीएचडी आणि शिकागोला पोस्टडॉक केलं. गर्भात हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग, कसा घडतो यावरचं त्यांचं काम मुंबईत बसून झालेलं आहे. विदिता वैद्य येलहून पीएचडी करून 2000 मध्ये टीआयएफआरला आल्या आणि लहान वयातल्या ताणाचा पुढे भावनांवर काय परिणाम होतो हे त्या तिथेच शोधत आहेत. दोघी मुंबईच्या झेवियर्सच्या. परत यायचं असेल त्यांच्यासाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, आणि 2008 पासून भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून इंडिया अलायन्सच्या फेलोशिपा देतात. त्यांचा अर्ज लिहिणं हेच एक शिक्षण आहे. मी दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा माझा प्रश्न सुधारला.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते गाइडबद्दल. विद्यार्थी संस्थेचं नाव बघतात, घरचे शहर बघतात, गाइडला कोणी बघत नाही. पण पाच-सहा वर्षं तुम्ही संस्थेबरोबर काढत नाही, त्या एका माणसाबरोबर काढता.

माझा अनुभव सांगते. पीएचडीचा पहिला मसुदा मी गाइडच्या टेबलावर ठेवला तेव्हा पावसाळा होता. तो परत मिळाला तेव्हा दुसरा पावसाळा संपत आला होता. चौदा महिने. दर सोमवारी मी दार वाजवायचे, दर सोमवारी उत्तर यायचं, "या आठवड्यात नक्की." तेवढ्यात युरोपातल्या एका लॅबने जवळजवळ तेच काम छापलं. आमचं काम चुकीचं नव्हतं, उशिराचं झालं, आणि उशिराचं काम खालच्या जर्नलमध्ये जातं. गाइड वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या अंगावर तीन समित्या होत्या, आणि मुलांचे मसुदे हे न ओरडणारं काम असतं.

म्हणून लॅब निवडताना हे करा. आधी त्या लॅबमधून बाहेर पडलेल्यांची यादी काढा. किती वर्षांत बाहेर पडले, आज कुठे आहेत. कोणी मधेच सोडून गेलं असेल तर त्याला शोधून फोन करा. मग गाइड नसताना मुलांबरोबर डबा खा. त्यांना 'सर कसे आहेत' असं विचारू नका, सगळे 'चांगले आहेत' म्हणतात. विचारा, "तुमचा शेवटचा मसुदा किती दिवसांत परत आला?" आणि, "सरांशी शेवटचं भांडण कशावरून झालं?" भांडण झालंच नाही म्हणणारी लॅब मला जरा संशयास्पद वाटते. शेवटी फ्रीझर उघडून बघा. डब्यांवर नाव-तारीख आहे का? ज्या लॅबच्या फ्रीझरमध्ये 'नमुना नवीन, नवीन 2, नवीन खरा' असले डबे असतात, तिथल्या आकडेवारीचंही साधारण तसंच असतं.

आकडेवारीवरून आठवलं. तीन उंदरांमधून वीस न्यूरॉन मोजले तर तुमची संख्या वीस होत नाही. एकाच उंदराचे न्यूरॉन एकमेकांसारखे असतात, त्यामुळे तुमची खरी संख्या तीनच्याच जवळ असते. ही चूक छापलेल्या शोधनिबंधांमध्येही दिसते. ज्या लॅबमध्ये ही गोष्ट तुमच्याआधी कोणीतरी बोलतो, तिथे जा.

शिकवण्याबद्दल लोक म्हणतात की ते संशोधनाचा वेळ खातं. खातं, खोटं कशाला सांगू. पण माझ्या डोक्यातली सगळ्यात मोठी चूक वर्गातच सापडली, लॅबमध्ये नाही.

बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे न्यूरॉनचा विजेचा संदेश, शिकवत होते. फळ्यावर नेहमीची आकृती: सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, मग सोडियम-पोटॅशियम पंप सगळं जागेवर आणतो. आपल्या परीक्षेत 'सुबक आकृती काढा' म्हणून हेच येतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. मराठी माध्यमातली, एरवी कधी न बोलणारी. म्हणाली, "मॅडम, एका वेळी आतलं सोडियम किती वाढतं?" मी म्हणाले, "वाढतं." ती म्हणाली, "पण किती?"

मला आकडा माहीत नव्हता. दहा वर्षं मी त्याच सोडियमवर पेपर लिहीत होते. मग खडू घेऊन तिथेच मांडलं. पेशी गोल धरली, 20 मायक्रॉन व्यासाची. पडद्याची धारकता (विजेचा भार साठवायची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोफॅरड, म्हणजे या पेशीची साधारण 12 ते 13 पिकोफॅरड. तिचा व्होल्टेज 100 मिलिव्होल्टने बदलायचा तर कमीत कमी किती सोडियम आयन आत यायला हवेत? उत्तर आलं, सुमारे 80 लाख. वर्गात कोणीतरी "बापरे" म्हणालं. मग पेशीत आधीच किती सोडियम आहे ते काढलं. लिटरला 10 मिलिमोल धरलं तर सुमारे 2,500 कोटी. म्हणजे एका संदेशाने सोडियम वाढतं ते तीन हजारांत एक. प्रत्यक्षात आयन याच्या दोन-चार पट आत येतात, तरी तो बदल मोजायलाही अवघड.

म्हणजे व्होल्टेज खाली आणायला पंप लागतच नाही. सोडियमचे दरवाजे आपोआप बंद होतात आणि पोटॅशियम बाहेर पडतं, तेवढ्यावर काम भागतं. पंप मागाहून सावकाश साफसफाई करतो. हॉजकिन आणि हक्सले यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड नसेवर हे सगळं 1952 मध्येच समीकरणांत मांडून ठेवलं आहे, आणि मी ते पेपर वाचलेही होते. तरी वर्षानुवर्षं वर्गात मी 'पंप जागेवर आणतो' असंच बोलत होते, कारण माझ्या बाईंनी मला तसंच शिकवलं होतं. ती मुलगी आता पीएचडी करते आहे. माझ्याकडे नाही, याचं जरा वाईट वाटतं.

मराठी माध्यमाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या लिहिण्यावरून तो असावा असं वाटतं. मी दहावीपर्यंत मराठीतच शिकले. चेतापेशी, मज्जारज्जू, प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क. अकरावीत सगळी नावं इंग्रजीत आली आणि वर्षभर मी गप्प बसले. पुढे कळलं की अनुमस्तिष्काला इंग्रजीत सेरेबेलम म्हणतात, आणि या लॅटिन शब्दाचा अर्थच 'लहान मेंदू' असा आहे. आमच्या आजीला जो शब्द कळला असता, तोच लॅटिनमध्ये घातला की भारदस्त होतो. इंग्रजी लिहिता यावंच लागतं, पण ते पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत येतं. न घाबरता 'पण किती?' विचारणं मागाहून शिकवता येत नाही.

प्रॅक्टिकलबद्दल एक सांगते आणि मग घरच्यांकडे येते. आमच्या वेळी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि काजळी धरलेला कायमोग्राफचा ड्रम असायचा. स्नायू आखडला की काळ्या कागदावर पांढरी रेघ उठायची. यूजीसीच्या निर्देशांनंतर प्राण्यांचं विच्छेदन अभ्यासक्रमातून गेलं, आणि बेडकांसाठी ते बरंच झालं. पण त्या जागी अनेक ठिकाणी संगणकावरचा एक व्हिडिओ आला आणि मुलांच्या हाताला काहीच उरलं नाही. मी झुरळ वापरते. झुरळाला बर्फात ठेवून बधिर करायचं, त्याचा एक पाय घ्यायचा, दोन टाचण्या टोचायच्या, आणि छोट्या ॲम्प्लिफायरला स्पीकर लावायचा. पायावरच्या केसाला काडीने हात लावला की स्पीकरमधून फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. न्यूरॉन बोलताना तसाच ऐकू येतो. हे किट विकत मिळतं आणि घरीही बांधता येतं. तुमच्या कॉलेजात नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना बरोबर घेऊन बांधा. पीएचडीच्या मुलाखतीत हे एक वाक्य सांगितलंत तर 'प्रचंड आकर्षण' सांगायची गरज पडणार नाही.

मुलगी असाल तर (नावावरून कळलं नाही) आणखी एक गोष्ट. पोस्टडॉकची वर्षं आणि लग्न-मुलांची वर्षं एकमेकांवर येतात. माझी मुलगी झाली तेव्हा मी अकरा महिने लॅबबाहेर होते आणि परत आल्यावर हात पुन्हा शिकवावे लागले. खंड पडलेल्या बायकांसाठी केंद्र सरकारची वाइज-किरण योजना आहे, तिच्याकडे लक्ष ठेवा. आणि लग्नाआधी जोडीदाराला साडेसहाची लॅब एकदा दाखवा. वाद मग निदान माहितीवर होतील.

आता घरचे. त्यांना मेंदू, नोबेल, समाजाची सेवा असलं काही सांगू नका. एका कागदावर वर्षं मांडा: 24 ते 29 किंवा 30 पीएचडी, महिना 37 ते 42 हजार, मग पोस्टडॉक, मग जागा मिळाली तर विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार 57,700 पासून आणि आयसरसारख्या ठिकाणी 1,01,500 पासून, भत्ते वेगळे. 'मिळाली तर' हे शब्द ठळक लिहा. जागा नाही मिळाली तर काय, तेही लिहा: औषध कंपन्यांमधली संशोधनाची कामं, डेटा विश्लेषण, विज्ञानलेखन. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून जास्त तिकडेच आहेत आणि मजेत आहेत.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. 2007 मध्ये मला विद्यापीठाची ऑर्डर आली तेव्हा त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "पेन्शन आहे का?" मी म्हणाले, "नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं, निदान पगार तरी एक तारखेला होतो ना?"

पहिला पगार पाचव्या महिन्यात झाला. तोपर्यंत घरभाडं त्यांनीच भरलं, त्यांच्या पेन्शनीतून.